गुंडीची वही

नणंदेचं कासव सांभाळायची वेळ आली तेव्हा घरात दुसऱ्या कुणाचं नाव निघालंच नाही. नवरा ताईंचा सख्खा भाऊ, पण तो चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधणारा. खुब्याच्या शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी ताईंनी इस्पितळाच्या खाटेवरूनच निकाल देऊन टाकला. "याच्या हाती देऊ नका. हा गुंडीला बादलीत ठेवेल आणि बादली कुठे ठेवली ते विसरेल. हिच्याकडे द्या. ही मोजूनमापून करेल."

ही म्हणजे दशांशबाई. पिण्याचं पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती बावीस वर्षं काम करत होती आणि हे नाव तिथलंच. अहवालात कुणी 'साधारण सात' लिहिलं की ती कागद परत करून विचारायची, साधारण म्हणजे किती? हाताखालच्या लोकांनी पाठीमागे ठेवलेलं नाव कधीतरी घरी पोहोचलं आणि नवऱ्याने ते आनंदाने उचललं. तिलाही ते आवडायचं, पण तसं तिने कधी दाखवलं नाही.

ताईंनी लग्न केलं नव्हतं. एकोणतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि एका माणसाच्या घरात एका कासवाबरोबर राहत होत्या. एकोणीस वर्षांपूर्वी आणलं तेव्हा ते कोटाच्या गुंडीएवढं होतं, म्हणून गुंडी. आता ती जेवणाच्या लहान ताटलीएवढी झाली होती. पाठ काळपट हिरवी, डोळ्यांमागे लाल पट्टा, आणि चेहऱ्यावर कायम कुणाचं तरी चुकलंय असा भाव. तो भाव ताईंच्या चेहऱ्यावरही असायचा. नवरा म्हणायचा, दोघींपैकी कुणी कुणाकडून उचलला ते आता सांगता येणार नाही.

टाकी मागच्या खोलीत खिडकीशेजारी बसवली. टाकीबरोबर ताईंची सूचनांची दोन पानं आली आणि त्यांच्याबरोबर दशांशबाईची स्वतःची वही. तिने पट्टीने रकाने आखले: दिवस, पाण्याचं तापमान, वजन, खाणं, शेरा. रोज संध्याकाळी गुंडीला टाकीतून काढायचं, जुन्या पंच्याने पुसायचं, प्लास्टिकच्या टबात घालून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायचं. गुंडी नखांनी टब ओरबाडायची, काट्यावरचे आकडे नाचायचे, आणि ते ठरेपर्यंत थांबावं लागायचं. थर्मामीटर टाकीच्या मागच्या काचेला चिकटवलेला होता, ऊन खायच्या दगडाच्या आड. तो वाचायला गुडघ्यावर बसून मान वाकडी करावी लागायची. सगळं मिळून दहा-बारा मिनिटांचं काम.

सव्वासातला ताईंचा फोन यायचा. शस्त्रक्रियेनंतर जखमेत पू झाला होता, त्यामुळे त्यांचा मुक्काम पंधरा दिवसांचा अडीच महिन्यांवर गेला होता. "किती?" एवढंच त्या विचारायच्या. दशांशबाई आकडा सांगायची, कधी एखादा शेराही वाचून दाखवायची. तिकडे तो आकडा शेजारच्या खाटेवरच्या आजींना सांगितला जायचा, परिचारिकेला सांगितला जायचा. आजी एकदा फोनवर ओरडून म्हणाल्या होत्या, "तुमच्या कासवाचं वाढतंय आणि माझं घटतंय, जरा तिचं जेवण इकडे पाठवा."

पहिले तेवीस दिवस वहीतला प्रत्येक आकडा खरा होता.

चोविसाव्या दिवशी प्रयोगशाळेत बाहेरचे तपासनीस आले होते. त्यांनी तीन वर्षांच्या नोंदी मागितल्या. ती घरी पोहोचली ती सात वाजून चौदा मिनिटांनी. खांद्यावरची पिशवीही उतरवली नव्हती आणि फोन वाजला. "किती?" ताईंनी विचारलं. आदल्या दिवशी चौदाशे सतरा होतं. "चौदाशे एकोणीस," ती म्हणाली. जेवणं झाली की मोजू, असं तिने ठरवलं. जेवणं झाली तेव्हा गुंडी दगडाखाली मान आत घेऊन झोपली होती. तिला उठवणं तिच्या जिवावर आलं. तिने वहीत चौदाशे एकोणीस लिहिलं. दोन ग्रॅम म्हणजे काय, पोटातलं घोटभर पाणी.

पंचविसाव्या आणि सव्विसाव्या दिवशी तिने नीट मोजलं. सत्ताविसाव्या दिवशी नाही. एकोणतिसाव्या दिवशी मोजलं. नंतर मोजायचं राहतच गेलं. तपासनीस तीन आठवडे होते, हे खरं. पण ते गेल्यावरही तिने मोजलं नाही, हेही खरंच होतं. खोटं लिहायला अर्धं मिनिट पुरायचं. आणि ती ते फार चांगलं लिहायची. खरी मोजमापं कधी एका रेषेत चालत नाहीत, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? ती दोन ग्रॅम वाढवायची, तीन कमी करायची, एखाद्या दिवशी तोच आकडा पुन्हा यायचा. तापमान सत्तावीस, साडेसव्वीस, सत्तावीस. ताईंना बरं वाटावं म्हणून महिन्यात पाचेक ग्रॅमची हळूच वाढ. हीटरचा लाल दिवा दारातूनही दिसायचा. दिवा लागलेला आहे एवढं ती बघायची आणि तापमानाचा रकाना भरायची. दिवा लागला म्हणजे वीज येतेय, पाणी तापतंय असं नाही, हे तिने स्वतः किती जणांना शिकवलं होतं.

मागच्याच वर्षी एका नव्या मुलीला तर तिने सगळ्यांसमोर शिकवलं होतं. त्या मुलीने सुट्टीच्या दोन दिवसांचं, जिवाणू तपासायच्या उबवणीपेटीचं तापमान घरी बसून लिहिलं होतं. दोन्ही दिवस, चारही वेळा, सदतीस पूर्णांक शून्य. दशांशबाईने बैठकीत तो कागद वर धरला होता. "विसरलात तर रकाना रिकामा ठेवा," ती म्हणाली होती. "रिकाम्या रकान्याची लाज वाटत असेल तर हे काम तुमचं नाही." मुलगी महिनाभरात नोकरी सोडून गेली. सत्तेचाळिसाव्या दिवशी गुंडीचं वजन लिहिताना दशांशबाईला तिची आठवण झाली होती, आणि मनात जे आलं ते एवढंच: त्या मुलीला आकडे बनवताही येत नव्हते.

पण सगळ्यात वाईट नोंद अडतिसाव्या दिवसाची होती. त्या दिवशी, मनाला फारच टोचायला लागलं म्हणून, तिने गुंडीला काट्यावर ठेवलं. काटा म्हणाला चौदाशे चार. वहीत आदल्या दिवसाखाली चौदाशे एकवीस लिहिलेलं होतं. खरा आकडा खोट्या रांगेत बसेना. टब ओला असेल म्हणावं तर वजन जास्त भरायला हवं होतं. तिने पुन्हा मोजलं. चौदाशे चार. मग तिने पेन उचललं आणि चौदाशे एकोणीस लिहिलं. त्यानंतर गुंडीला तिने काट्यावर ठेवलंच नाही.

खाण्याचा रकानाही असाच भरत गेला. ती सकाळी पाला आणि दाणे टाकायची, संध्याकाळी तरंगणारा पाला जाळीने काढून टाकायची आणि 'खाल्लं' लिहायची. पाला रोज थोडा जास्त निघत होता. हात ते बघत होते. डोकं बघत नव्हतं.

पंचाहत्तराव्या दिवशी, रविवारी सकाळी, नवरा मागच्या खोलीतून म्हणाला, "अगं, गुंडी तिरकी पोहतेय."

ती डाव्या अंगावर कलंडून तरंगत होती, एका बाजूने पाणी भरलेल्या होडीसारखी. बुडी मारायला बघत होती आणि पुन्हा तशीच वर येत होती. नाकपुडीतून बुडबुडा फुगायचा, फुटायचा. मान लांब काढून ती तोंड उघडायची आणि मिटायची, काही सांगायचं असावं आणि शब्द सापडू नये तशी.

प्राण्यांचे डॉक्टर रविवारी दुपारपर्यंत बसायचे. टबात ओला पंचा घालून दोघं गुंडीला घेऊन गेली. निघताना नवऱ्याने आठवणीने वही उचलली. "ही दाखवू," तो म्हणाला. जन्मात पहिल्यांदा त्याला न सांगता काही आठवलं होतं.

डॉक्टर तरुण होते, दाढी राखलेले, बोलणं हळू. त्यांनी गुंडीला काट्यावर ठेवलं. बाराशे शहाण्णव. मग त्यांनी वही उघडली आणि पानं उलटत गेले. उलटता उलटता त्यांचा वेग कमी झाला.

"मॅडम, हे तुम्ही ठेवलंय?"

तिने मान डोलावली.

"ती तशीच आहे," नवरा म्हणाला. "घरात अंडं उकडायलासुद्धा घड्याळ लावते."

डॉक्टर शेवटच्या ओळीवर थांबले. काल संध्याकाळी चौदाशे चोवीस. आज सकाळी बाराशे शहाण्णव. ते काट्याकडे बघत राहिले. मग कपाटातून एक किलोचं पितळी वजन काढून त्यांनी काट्यावर ठेवलं. बरोबर एक हजार. वजन काढून त्यांनी पुन्हा ठेवलं. पुन्हा एक हजार. "माझाच काटा चुकत असेल असं वाटलं," ते संकोचून म्हणाले.

दशांशबाईचे कान तापले. बोलायचं असेल तर आत्ताच, हे तिला कळत होतं. बाकावर एक बाई पोपटाचा पिंजरा मांडीवर घेऊन बसली होती आणि कौतुकाने वहीकडे बघत होती. नवऱ्याचा हात तिच्या खुर्चीच्या पाठीवर होता.

डॉक्टर मोठ्याने विचार करू लागले. एका रात्रीत एकशे अठ्ठावीस ग्रॅम. मादी आहे, वयाची आहे. रात्री अंडी घातली असतील. नर नसला तरी घालतात. टाकीत दिसली का? नाही? कधी कधी स्वतःच खातात, कधी खड्यांत पुरतात. आत काही अडकलंय का ते बघायला त्यांनी एक्स-रे काढला. अंडं नव्हतं. डाव्या फुप्फुसावर मात्र धुरकट सावली होती. त्यांनी ती बराच वेळ पाहिली.

"एरवी मी न्यूमोनिया म्हटलं असतं," ते म्हणाले. "पण त्याला आठवडे लागतात. आधी खाणं सुटतं, वजन हळूहळू उतरतं, आणि बहुतेक वेळा पाणी थंड असतं. इथे तर काल संध्याकाळपर्यंत सगळं छान आहे. पाणी सत्तावीस." त्यांनी वहीवर बोट टेकवलं. "एका रात्रीत एवढं वजन गेलं म्हणजे अंग कोरडं पडलंय. फुप्फुसाचं औषध मूत्रपिंडाला जड असतं, कोरड्या अंगावर दिलं तर मूत्रपिंडं जातील. आधी तीन दिवस कातडीखाली सलाईन, नेहमीच्या दुप्पट. सकाळ-संध्याकाळ पंचवीस मिली. मग औषध."

तिला शास्त्र येत होतं. डॉक्टरांचा प्रत्येक शब्द बरोबर होता, आणि प्रत्येक शब्द तिच्या आकड्यांवर उभा होता. वजन एका रात्रीत गेलं नव्हतं, म्हणजे अंग तेवढं कोरडं नव्हतं. म्हणजे आधीच भरलेल्या फुप्फुसावर आणखी पाणी जाणार होतं, आणि जे औषध आज हवं होतं ते तीन दिवसांनी मिळणार होतं.

"डॉक्टर," ती म्हणाली, "औषध आजच सुरू केलं तर?"

"मीही तेच केलं असतं," ते हसून म्हणाले. "पण तुमची वहीच थांबा म्हणतेय."

निघताना त्यांनी विचारलं, एका पानाचा फोटो काढला तर चालेल का? कासवं पाळणाऱ्यांना नोंदी कशा ठेवायच्या ते दाखवता येईल. नवरा म्हणाला, अवश्य. त्यांनी मोबाईल पानावर धरला. पान वळत होतं, म्हणून त्याचा कोपरा दशांशबाईलाच दाबून धरावा लागला.

घरी आल्यावर नवऱ्याने बाह्या वर केल्या आणि टाकीतली अंडी शोधायला घेतली. त्याने खडे ओंजळीओंजळीने बाहेर काढले, पिठाच्या चाळणीतून चाळले, दगड उलटा केला, गाळणीचा स्पंज पिळला. "एक तरी असेल," तो म्हणत होता. "सगळीच कशी खाईल? आपली गुंडी आहे, ताईसारखी, पुरवून खाणारी." दशांशबाई गुडघ्यावर बसली आणि मान वाकडी करून तिने थर्मामीटर पाहिला. एकोणीस. हीटरचा लाल दिवा चालू होता. तिने काचेवर तळहात ठेवला. काच थंडगार होती.

"हीटर गेलाय," ती म्हणाली.

"अरे. कधी?"

"रात्रीच गेला असेल."

हे ती अगदी सहज बोलून गेली. नवरा हात पुसून नवा हीटर आणायला गेला. ती चाळणीपुढे बसून राहिली. चाळणीत खडे होते, गुळगुळीत आणि पांढुरके, आणि लांबून बघणाऱ्याला अंड्यांसारखेच वाटले असते.

संध्याकाळी पाच वाजता तिने सिरिंज भरली. गुंडीचा मागचा पाय ओढून धरला आणि कातडीखाली सुई घातली. गुंडीने प्रतिकार केला नाही. कातडी फुगली. पंचवीस मिली आत जाईपर्यंत तिने सिरिंजवरच्या रेषांवरची नजर उचलली नाही.

सव्वासातला फोन वाजला तेव्हा तो नवऱ्याने घेतला. त्याला दम निघत नव्हता. "ताई, घाबरू नकोस," तो म्हणाला. "जरा आजारी आहे, सलाईन चालू केलंय. पण डॉक्टर म्हणतात, तिने बहुतेक रात्री अंडी घातली." त्याने फोन सगळ्यांना ऐकू येईल असा केला. तिकडून ताईंचा आवाज आला, पण तो त्यांचा नेहमीचा शाळेतला आवाज नव्हता.

"एकोणीस वर्षांत पहिल्यांदा," त्या म्हणाल्या. "आणि मी तिथे नाही."

मागून आजींचा आवाज आला, "काय झालं हो?" ताई त्यांना सांगू लागल्या. कुणीतरी टाळी वाजवली. परिचारिका विचारत होती, किती अंडी? ताई फोनवर परत आल्या आणि म्हणाल्या, "तिला दे जरा." नवऱ्याने फोन दशांशबाईपुढे धरला. "अगं, तू होतीस म्हणून बरं," ताई म्हणाल्या. "तू रोज मोजत होतीस म्हणून कळलं तरी. याच्याकडे असती तर अंडी घातल्याचं आम्हाला पत्ताही नसता."

दशांशबाई हं म्हणाली. जे बोलायचं होतं ते तिला पक्कं माहीत होतं.

सोमवारी सकाळी गुंडीच्या तोंडाशी फेस होता. टाकीत अंगुळभर पाणी ठेवलेलं होतं, तरी तिची मान वर ताणलेली होती आणि प्रत्येक श्वासाला बारीक टिचकी वाजल्यासारखा आवाज येत होता. दशांशबाईने सिरिंजमध्ये पंचवीस मिली भरलं. हवेचा बुडबुडा काढला. गुंडीचा पाय हातात घेतला. मग सिरिंज खाली ठेवली, गुंडीला पंच्यात गुंडाळलं, वही काखेत घेतली आणि प्रयोगशाळेत न कळवता तशीच चालत दवाखान्यात गेली. दार उघडायला अजून वीस मिनिटं होती. डॉक्टर आले तेव्हा ती पायरीवर बसलेली होती.

"डॉक्टर, ती वही खोटी आहे," ती म्हणाली. रस्ताभर तिने वेगळी वाक्यं जुळवली होती. त्यांत कामाचा ताण होता, तपासनीस होते, ताईंचा फोन होता. त्यातलं एकही तोंडातून आलं नाही.

डॉक्टरांना आधी कळलंच नाही. मग कळलं. त्यांनी दार उघडलं, दिवा लावला, गुंडीला टेबलावर घेतलं आणि दशांशबाईकडे न बघता विचारलं, "कधीपासून?"

"चोविसाव्या दिवसापासून. मधले तीन दिवस सोडून."

"शेवटचं खरं वजन?"

"अडतिसाव्या दिवशी. चौदाशे चार."

त्यांनी वही उघडून ती ओळ शोधली. "इथे चौदाशे एकोणीस आहे."

"हो. मोजलं चौदाशे चार. लिहिलं चौदाशे एकोणीस."

आता त्यांनी तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही, एक्स-रेवरच्या त्या धुरकट सावलीकडे पाहिलं होतं तसं. मग त्यांनी कागदावर हिशेब केला. सदतीस दिवस, एकशे आठ ग्रॅम, दिवसाला तीन. "पाणी?"

"एकोणीस होतं. हीटर कधी गेला ते मला माहीत नाही. खाणं महिन्यापेक्षा जास्त दिवस कमी होतं."

डॉक्टरांनी कपाटातून औषधाची कुपी काढली, गुंडीच्या पुढच्या पायात इंजेक्शन दिलं, तिला उबेच्या पेटीत ठेवलं, पेटीत वाफेची नळी सोडली. "सलाईन बंद. हे दर तीन दिवसांनी, सात वेळा. जगेल की नाही ते आठवड्याने सांगता येईल." हात धुता धुता ते म्हणाले, "काल सांगितलं असतं तर काल दिलं असतं." आणि नळ बंद केल्यावर, जरा वेळाने, "चूक माझीही आहे. सावली समोर दिसत होती आणि मी वहीच वाचत बसलो."

हे दुसरं वाक्य तिला पहिल्यापेक्षा जास्त लागलं. पहिल्यातली चूक तरी तिची होती.

नवऱ्याला तिने दुपारी सांगितलं. तो जेवता जेवता थांबला. "पण मी अंडी शोधत होतो," तो म्हणाला. "तू बघत होतीस." त्याला राग यायला वेळ लागायचा, आणि आलेला दिसायचाही नाही. त्याने ताट उचलून मोरीत ठेवलं आणि ताईंना तो सांगणार नाही, तिनेच जाऊन सांगायचं, असं म्हणून तो बाहेर गेला.

संध्याकाळी ती इस्पितळात गेली. ताई उशांना टेकून बसल्या होत्या, केस विंचरलेले, चष्मा पुसलेला. आजी पलीकडच्या खाटेवर केळ सोलत होत्या. "या या, अंड्यांची आई आली," आजी म्हणाल्या. दशांशबाई स्टुलावर बसली आणि आवाज खाली न आणता सगळं सांगितलं. खाली आणला असता तर तीही एक लपवाछपवी झाली असती. सांगून होईपर्यंत आजींच्या हातातलं केळ तसंच होतं.

ताईंनी चादरीची कड सारखी केली. ओरडतील असं तिला वाटलं होतं. ओरडाव्यात असंही वाटत होतं.

"वही आणलीस?" त्या म्हणाल्या.

तिने वही काढली.

"पेन्सिल घे. जे खरे आहेत त्यांच्यावर गोल कर."

शाळेत उत्तरपत्रिका परत तपासायला लावावी तसा तो स्वर होता. तिने पहिल्या ओळीपासून गोल काढायला सुरुवात केली. तेविसापर्यंत हात भरभर गेला. पुढे पंचविसावा, सव्विसावा, एकोणतिसावा. मग पान उलटलं आणि त्यावर एकही गोल आला नाही. पुढचं पान उलटलं. ताई प्रत्येक पानावर वाकून बघत होत्या. चौऱ्याहत्तर ओळींमध्ये सव्वीस गोल.

"आता शेरे," ताई म्हणाल्या.

"शेरे?"

"शेऱ्याचा रकाना आहे ना." त्यांनी बोट ठेवलं. "एक्कावन्नावा दिवस. 'हातातून पान खाल्लं.' माझ्याशिवाय ती कुणाच्या हातातून खात नाही. तू फोनवर सांगितलंस तेव्हा मला आधी वाईट वाटलं होतं. मग म्हटलं, चला, मी नसले तरी तिचं चालेल. खाल्लं होतं?"

"नाही."

"हुंगलं तरी होतं?"

"त्या दिवशी मी टाकीजवळ गेलेच नव्हते."

आजींनी केळ ताटलीत ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या. ताईंनी चष्मा काढला. "पुढचा," त्या म्हणाल्या. मग त्याच्या पुढचा. 'उन्हात पाय पसरून बसली.' नाही. 'माझा आवाज ऐकून वर आली.' नाही. भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा नऊ शेरे उरले होते. ताईंनी ते सोडले नाहीत. परिचारिकेला दोन मिनिटं थांबायला सांगितलं आणि नऊही विचारले.

जाताना त्या एवढंच म्हणाल्या, "वही राहू दे इथे."

त्यानंतर सव्वासातचा फोन नवऱ्याच्या मोबाईलवर येऊ लागला, चित्रासकट. काटा, टब, पंचा, सगळं दशांशबाईच करायची. पहाटे दवाखान्यातून घरी आणलेल्या पेटीची ऊब बघायची, दर तिसऱ्या दिवशी गुंडीला इंजेक्शनला न्यायची, वाफ द्यायची, गुडघ्यावर बसून नव्या थर्मामीटरचा आकडा मोठ्याने वाचायची. पण वजनाच्या वेळी नवरा मोबाईल काट्यावर धरायचा आणि ताई आकडा स्वतःच्या डोळ्यांनी वाचून स्वतःच लिहून घ्यायच्या. दोघं भावंडं बोलायची. तिचे फक्त हात दिसायचे.

आठवडा झाला. डॉक्टर म्हणाले, जगेल असं वाटतंय. डावं फुप्फुस मात्र पुरतं भरून येणार नाही, थोडी कलूनच पोहेल. त्या दिवशी पहिल्यांदा गुंडीने पाल्याचा एक तुकडा तोडला. दशांशबाईने ते पाहिलं आणि कुणालाही सांगितलं नाही. सांगितलं तर कुणी का विश्वास ठेवावा, हे तिचं तिलाच समजेना.

संध्याकाळी तिने गुंडीला पुसून टबात ठेवलं. गुंडीच्या नखांत आता पुन्हा जोर आला होता. टब हलू लागला, म्हणून तिने कडेला हात धरला. नवऱ्याने मोबाईल जवळ आणला. पडद्यावर ताईंचा चष्मा आणि कपाळ दिसत होतं, मागे आजींच्या खाटेचा दांडा.

"हात काढ," ताई म्हणाल्या.

नवऱ्याने स्वतःचा हात पाहिला. तो काट्याजवळ नव्हता. आठ दिवसांत ताई पहिल्यांदा तिच्याशी बोलल्या होत्या.

"अगं, हात काढ. हाताचं वजन येतंय त्यात."

तिने हात काढला आणि एक पाऊल मागे सरली. गुंडी टबात ओरबाडत होती. आकडे नाचत होते. तिघंही ते ठरायची वाट बघत राहिली.